इथे वादळ येईल

आयलर्ट, तुझ्या फायलींची नावं मी वाचली.
‘शेवटचं’. ‘खरंच शेवटचं’. ‘आता हात लावायचा नाही’.
आणि त्याखाली, परवाच्या तारखेची,
‘आता हात लावायचा नाही – ९’.

रागावू नकोस.
तू कॉफी आणायला गेलास, लॅपटॉप उघडा ठेवून.
उघडा पडदा दिसला की माणूस बसतंच.

सहा हिवाळे हे घोंगडं भिजतंय.
दिवसा तू खेकड्यांच्या नांग्या मोजून खोक्यांत भरतोस,
रात्री त्याच रबराचा वास येणाऱ्या बोटांनी
एक जुना, पडलेला, लोकांनी हसून विसरलेला सिनेमा
फ्रेम-फ्रेम उसवत बसतोस.
सिग्रिड म्हणाली, शिळ्या कढीला ऊत.
म्हणू दे. तिला कुठे माहीत,
मूळ सिनेमातली ती स्वैपाकीण,
जी दुसऱ्याच प्रसंगात यानाबाहेर फेकली जाते
आणि कुणी वळूनसुद्धा बघत नाही,
तिला तू परत आत घेतलंस.
इकडचा खांदा, तिकडची पाठ,
भलत्याच कुणाशी बोलतानाचं अर्धं वाक्य,
असं जोडत जोडत
तू तिला म्हातारी होऊ दिलंस.

एकतिसाव्या मिनिटाला काळी पाटी येते:
‘इथे वादळ येईल’.
आणि वाऱ्याच्या जागी तू.
तोंडानं वारा करणारा, मध्येच दम लागून थांबणारा,
मागे तुझ्या फ्रिजची घरघर.
मी हसले.
मग ती खिडकीशी आली, हात पुसत,
आणि तुझ्या त्या फुंकण्यात
बाबांची बोट परतायची होती त्या रात्रीचं
आमचं स्वैपाकघर मला ऐकू आलं.
खऱ्या वाऱ्यात कधी ऐकू आलं नव्हतं.

एकोणिसाव्या मिनिटाला कंटाळा येतो, तेही सांगते.
तिथे मला उठून कांदा चिरावासा वाटला.
सहा वर्षं एकट्यानं बघून
तुला हे कळलं नसतं. तुझा कांदा कोण चिरणार?

तू म्हणतोस, वादळ झालं की दाखवतो.
रंग एकसारखे झाले की.
तिच्या ओठांशी शब्द जुळले की.
अरे, वार्डोत राहून
वादळाची वाट बघणारा तू पहिलाच!

किल्ल्यावरची तोफ शिस्तीची आहे, कबूल.
दोन महिन्यांच्या काळोखानंतर
अख्खं बिंब वर सुटल्याशिवाय
ती तोंड उघडत नाही.
शाळेला सुट्टीसुद्धा त्याच दिवशी.
पण त्याच्या आधी,
पाण्यावर नखाएवढी कड दिसते त्या दुपारी
घरात कोण थांबतं?
बँकेतली ओडलाउगदेखील काउंटर सोडून धावते,
एका हातात हातमोजा, दुसरा हात तसाच.
त्या कडेकडे बोट दाखवून
अर्धा सूर्य आला असं कुणी म्हणत नाही.
आला, म्हणतात.

शुक्रवारी, जाळ्यांच्या गोदामावरची खोली.
आठ खुर्च्या आहेत, एक डुगडुगते, ती माझी.
भिंतीला ओल आहे, डाव्या कोपऱ्यात
तुझं अंतराळ जरा बुरसट दिसेल.
लोक काय म्हणतील ते मला माहीत नाही.
बहुतेक आधी हसतील.
मग त्या बाईच्या हातांकडे बघतील,
कारण इथं सगळ्यांचेच हात तसे आहेत.

पाटी मात्र काढू नकोस.
ती आली की वारा आम्ही करू.
सिग्रिडला सांगितलंय.
सकाळपासून ती सराव करतेय,
पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक खेकड्यावर फुंकून,
आणि मुकादम विचारतोय, हिला झालंय काय.

ये.
आणि हे बघ, नववीच आण.
वाटेत दहावी करू नकोस.